पट आणि पत्ता

आमची हॉवर्ड काउंटी मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या मधे. इथलं प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या पॉलिगॉनमध्ये येतं. शाळा खात्याने अख्ख्या काउंटीच्या नकाशाचे लहान लहान तुकडे पाडलेत, प्रत्येकाला नंबर दिलाय, आणि त्या नंबरावरून ठरतं की त्या घरातलं मूल कुठल्या प्राथमिक शाळेत, कुठल्या मिडल स्कूलमध्ये आणि कुठल्या हायस्कूलमध्ये जाणार. एरवी आपल्या पॉलिगॉनचा नंबर कुणालाच पाठ नसतो. पण शाळांच्या हद्दी बदलायचा विषय निघाला, इथल्या तोंडी ‘रीडिस्ट्रिक्टिंग आलं’, की इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडताना, देवळाच्या पार्किंगमध्ये, रविवारच्या मराठी शाळेच्या दाराशी एकच विचारणा सुरू होते: तुमचा हलतोय का?

अमेरिकेत सरकारी शाळेला फी नसते, पण ती पत्त्याला बांधलेली असते. देशभरात साधारण 13,000 स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणारे विभाग, आहेत. त्यांचं प्रमाण राज्याराज्यांत अगदी वेगळं. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी माणसं सगळ्यात दाटीने राहतात, जवळपास 600 डिस्ट्रिक्ट. गावागणिक एक म्हटलं तरी चालेल. तिथे शाळेचा मोठा खर्च त्या त्या गावच्या घरपट्टीतून निघतो, त्यामुळे गावाची वेस ओलांडली की शाळेचा पैसाही बदलतो. आमच्या मेरीलँडमध्ये मात्र सगळ्या राज्यात मिळून 24 डिस्ट्रिक्ट: 23 काउंट्या आणि एक बाल्टिमोर शहर. अख्ख्या काउंटीचा पैसा एकाच तिजोरीतून येतो, शिक्षकांचा पगार एकाच तक्त्याने होतो. तरीसुद्धा काउंटीच्या आत शाळाशाळांच्या रेघा असतातच, आणि माणसं त्या आतल्या रेघांसाठीही जिवाचं रान करतात. एडिसनमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. डिस्ट्रिक्ट एकच, पण उत्तरेकडच्या मुलांना जे. पी. स्टीव्हन्स, दक्षिणेकडच्यांना एडिसन हाय, आणि घर दाखवणारा एजंट पहिल्याच फोनवर सांगतो की हे घर कुठल्या बाजूचं.

मला या रेघांबद्दल लिहायचंय, कारण मी त्यांच्या दोन्ही बाजूंना राहिले आहे. इथे आल्यावर पहिली काही वर्षं आम्ही काउंटीच्या पूर्वेकडे, रूट वन या हमरस्त्याजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये भाड्याने होतो. खाली गोदामं, ट्रकांचा रस्ता, आणि इमारतीत एल साल्वाडोर, नायजेरिया, नेपाळ, आंध्र अशी सगळी भरती. मुलगी तिथल्याच शाळेत बालवाडीला गेली. तिच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरची भाषा विचारून त्या त्या भाषेतला नमस्कार भिंतीवर लिहून लावला होता. आमचा ‘नमस्कार’ मीच लिहून दिला, आणि बाईंनी तो रोज सकाळी म्हणून म्हणून नीट बसवला. मग घर घ्यायची वेळ आली, आणि ज्याला त्याला विचारावं तर एकच सल्ला: पश्चिमेकडे घ्या, शाळा चांगल्या आहेत. घरं दाखवणाऱ्या वेबसाइटवर प्रत्येक घराखाली त्याच्या शाळांना दहापैकी गुण दिलेले असतात. आमच्या बालवाडीच्या शाळेला फार कमी होते. नमस्कार शिकून घेणाऱ्या बाईंना त्या आकड्यात कुठे जागा नव्हती. असे आकडे बव्हंशी परीक्षेच्या निकालांवर उभे असतात, आणि परीक्षेचे निकाल आईबापांच्या शिक्षणाशी आणि मिळकतीशी घट्ट जोडलेले असतात. म्हणजे शाळेला गुण देताना आपण पुष्कळदा वर्गातल्या मुलांच्या आईबापांनाच गुण देत असतो.

आम्ही पश्चिमेकडे घर घेतलं.

2019 च्या ऑगस्टमध्ये काउंटीच्या शिक्षण अधीक्षकांनी, डॉ. मायकेल मार्टिरानो यांनी, नव्या हद्दींचा प्रस्ताव मांडला. काही शाळा ओसंडून वाहत होत्या, मागच्या मैदानात पोर्टेबल म्हणजे पत्र्याचे तात्पुरते वर्ग उभे होते, तर काही शाळांत जागा रिकामी होती. हे तर सगळ्यांना मान्यच होतं. पण प्रस्तावात आणखी एक गोष्ट उघडपणे लिहिलेली होती: शाळाशाळांमधली गरिबीची दरी थोडी भरून काढायची. इथे ते मोजायचं माप म्हणजे मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण. काही हायस्कूलमध्ये ते अगदी नगण्य होतं, काहींत निम्म्याकडे झुकलेलं. अशा सगळ्या हेतूंनी मिळून सुमारे 7,400 मुलांच्या शाळा बदलायचा तो बेत होता. आमच्या घरासमोरचा रस्ता हीच दोन पॉलिगॉनमधली रेघ होती. पलीकडचा पॉलिगॉन यादीत होता, आमचा नव्हता.

पलीकडे समोरच्याच घरात माझ्या मुलीची मैत्रीण राहायची. दोघी तेव्हा आठवीत. प्राथमिक शाळेपासून एकाच बसने गेलेल्या, व्हायोलिनच्या पेट्या एकमेकींच्या घरी विसरणाऱ्या. त्या रात्री मैत्रिणीच्या आईने आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला, नकाशा मोठा करत करत आमच्या गल्लीपर्यंत आणला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. रेघ जांभळी होती. ती एवढंच म्हणाली, “मी हिला काय सांगू?”

त्या दिवसांत माझी आई कोल्हापूरहून आमच्याकडे आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म शिकवून निवृत्त झालेली. फोनवर, दारात, जेवताना सगळीकडे हाच विषय, त्यामुळे तिला उलगडेना. शेवटी तिने विचारलंच, “शाळा वाईट म्हणजे काय गं? मास्तर येत नाहीत, का छप्पर गळतंय?” मी सांगितलं, तसं काही नाही, मास्तर तितकेच शिकलेले आहेत, इमारतही बरी आहे. “मग?” म्हणाली. मी म्हटलं, तिथे येणारी मुलं जरा वेगळ्या घरांतली असतात. यावर ती काही बोलली नाही. शेंगा सोलत बसली होती, सोलत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “म्हणजे शाळा वाईट नाही. पोरं नकोत.”

आईची नोकरी बहुतेक भुदरगड तालुक्यात झाली. मे महिन्याची सुट्टी लागली की सगळे शिक्षक पटनोंदणीला निघायचे. वाडीवस्तीवर, धनगरवाड्यावर, घराघरात जाऊन सहा वर्षं पुरी होणारं मूल कुठे आहे ते शोधायचं, दाखलपात्र मुलांच्या यादीत त्याचं नाव घालायचं, आईबापांची समजूत काढायची. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब कधी परतणार याची चौकशी करून ठेवायची. लहानपणी मी तिच्याबरोबर चालत गेले आहे. एका घरी मुलगी शेळ्यांमागे गेली होती. आई तिची वाट पाहत ओसरीवर बसून राहिली, आणि पोर आल्यावर तिलाच विचारलं, येशील का गं? पट वाढला नाही तर शिक्षकांची पदं जातात, हा स्वार्थही त्यात होता आणि आई तो कधी लपवायची नाही. पण शाळेने मुलाच्या दारात जायचं ही रीतच तिच्या अंगवळणी पडलेली.

इथली रीत उलटी. मुलाचं नाव घालायचं तर घराचं खरेदीखत किंवा भाडेकरार दाखवा, वर गॅसचं किंवा विजेचं बिल दाखवा. दुसऱ्या कुटुंबाच्या घरात राहत असाल तर त्या घरमालकाच्या सहीचा वेगळा फॉर्म. आम्ही अपार्टमेंटमध्ये असताना शेजारची एक बाई भावाच्या घरी दोन मुलं घेऊन राहत होती. भावाचं नाव करारावर, तिचं नाही. शाळा सुरू होऊन आठवडे उलटले तरी ती कागदांच्या मागे फिरत होती. आणि हे नुसतं कागदांवर थांबत नाही. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात एका आईने आपल्या दोन मुलींना शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या शाळेत आपल्या वडिलांच्या पत्त्यावर घातलं होतं. त्या डिस्ट्रिक्टने खाजगी गुप्तहेर लावून तिचा माग काढला. 2011 च्या जानेवारीत खोटी कागदपत्रं केल्याच्या गुन्ह्यात ती दोषी ठरली आणि नऊ दिवस तुरुंगात राहिली. पुढे त्याच वर्षी गव्हर्नरने तिचा गुन्हा सौम्य केला, पण तुरुंगातले दिवस भोगून झाले होते. मुलींचे आजोबा त्या हद्दीत राहत होते, आई राहत नव्हती, एवढा तो मामला. हे मी आईला वाचून दाखवलं. मुलाला शाळेत घातलं म्हणून आईला तुरुंग, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

2019 च्या शरद ऋतूत, हद्दींचा निर्णय घेणाऱ्या काउंटीच्या स्कूल बोर्डापुढे, सुनावण्यांमागून सुनावण्या झाल्या. बोलायला नाव नोंदवायचं, वाट पाहायची, आणि पाळी आली की तीन मिनिटं. बाहेर फलक, आत एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले गट. मी काही वेळा जाऊन बसले. पश्चिमेकडून आलेल्या लोकांत निम्मे चेहरे आपल्यासारखेच होते: भारतीय, चिनी, कोरियन. बहुतेकांची गोष्ट सारखी. इथे कुणी ओळखीचं नव्हतं, बारा-बारा तास राबलो, पोटाला चिमटा काढून या शाळेसाठी घर घेतलं, आणि आता तुम्ही रेघ सरकवता?

त्या माणसांना स्वार्थी म्हणून निकालात काढणं मला पटत नाही, आणि बाहेरच्या वर्तमानपत्रांतून तसं पुष्कळ झालं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यभर एकाच शिडीवर पाय ठेवलाय: चांगली शाळा, चांगले मार्क, त्यातून सगळं. कुणाचे वडील गिरणीतले, कुणाची आई मेस चालवणारी. शाळेवर त्यांची जी श्रद्धा आहे ती पोकळ नाही, तिनेच त्यांना इथवर आणलं. पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात येत गेलं की त्या तीन मिनिटांत तीन वेगवेगळी दुःखं एकमेकांत गुंतलेली असतात. पहिलं मुलाचं: मैत्रिणी तुटतील, बसमध्ये जास्त वेळ जाईल, पहाटे लवकर उठावं लागेल. हे खरं आहे, आणि ते ऐकून घेऊन रेघ शहाणपणाने काढता येते. दुसरं घराच्या किमतीचं. हे मोठ्याने फारसं कुणी बोलत नाही, पण खोलीत ते सगळ्यात मोठं असतं. तिसरं, नव्या शाळेत आपल्या मुलाशेजारी कोण बसेल याचं. हे कुणीच बोलत नाही. त्याला ‘सुरक्षितता’ म्हणतात, ‘शाळेचं वातावरण’ म्हणतात, ‘कल्चर’ म्हणतात. पहिल्या दुःखाच्या पदराआड दुसरं आणि तिसरं दडवून आणलं की शेवटी मुलाचं खरं दुःखही कुणाला खरं वाटेनासं होतं. समोरच्या घरातल्या आईवर हाच अन्याय झाला. तिची मुलगी खरोखरच रात्र रात्र रडत होती.

दुसऱ्या दुःखाचं मोजमाप फार पूर्वी झालंय. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1999 साली बॉस्टनच्या उपनगरांतली घरं घेऊन एक सरळ तुलना केली. शाळेच्या हद्दीची रेघ जिथून जाते तिथे, रेघेच्या अल्याडची आणि पल्याडची घरं. गाव तेच, रस्ते तेच, बाग तीच, फक्त शाळा वेगळी. त्यांना दिसलं की प्राथमिक शाळेच्या परीक्षेचे गुण 5 टक्क्यांनी जास्त असतील तर त्या बाजूच्या घराला लोक सुमारे 2.5 टक्के जास्त मोजतात. म्हणजे सरकारी शाळेला फी नसते हे अर्धंच खरं. फी असते, ती घराच्या हप्त्यातून जाते, आणि ज्याला ती परवडत नाही तो आपोआप रेघेच्या पलीकडे राहतो.

हे सगळं आमच्याच काउंटीत घडावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण कोलंबिया नावाचं इथलं गाव नेमक्या उलट स्वप्नातून वसवलं गेलं. जेम्स राऊस या बिल्डरने 1967 साली शेतजमिनीवर ते उभं केलं. घर विकताना वंश पाहायचा नाही, हे राऊसने पहिल्यापासून ठरवलं होतं. तसा देशव्यापी कायदा व्हायला अजून एक वर्ष होतं. अपार्टमेंट आणि बंगले शेजारी शेजारी, वेगवेगळ्या धर्मांना प्रार्थनेसाठी एकच इमारत, टपालपेट्या घरोघरी न लावता रस्त्याच्या एका टोकाला एकत्र, म्हणजे पत्र घ्यायला आलेली माणसं एकमेकांना भेटतील. आणि प्रत्येक वस्तीच्या मधोमध चालत जाता येईल अशी प्राथमिक शाळा. त्या टपालपेट्या अजून आहेत. पण पन्नास वर्षांत घरांच्या किमतींनी वस्त्या पुन्हा निवडून वेगळ्या केल्या, आणि शाळा वस्तीला बांधलेली, त्यामुळे शाळाही निवडल्या गेल्या. कुणी मुद्दाम काही करावं लागलं नाही.

त्याच्याही आधीची गोष्ट कोलंबियातच, फ्रीटाउन रोडवर पाहायला मिळते. तिथे हॅरिएट टबमन शाळेची इमारत आहे. 1948 ते 1965 हे काउंटीतल्या काळ्या मुलांसाठीचं हायस्कूल होतं. अख्ख्या काउंटीतून मुलं तिथे यायची. घराजवळची गोऱ्यांची शाळा ओलांडून बसने लांब जायची. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तरी ही शाळा बंद व्हायला 1965 उजाडलं. आता तिथे सांस्कृतिक केंद्र आहे, जुन्या विद्यार्थ्यांनीच चिकाटीने ती वास्तू वाचवली. 2019 च्या सुनावण्यांत ‘घराजवळची शाळा’ हा हक्क असल्यासारखं बोललं जायचं, तेव्हा मला ती इमारत डोळ्यांपुढे यायची. या काउंटीत मुलांना घराजवळच्या शाळेवरून पुढे नेणाऱ्या बस कितीतरी वर्षं धावल्या, आणि त्या मुलांच्या आयांना बोलायला तीन मिनिटंही मिळाली नव्हती.

आमच्या शेजारचं बाल्टिमोर हे थरगुड मार्शल यांचं जन्मगाव. 1954 चा तो खटला लढवणारे वकील, पुढे सर्वोच्च न्यायालयातले पहिले काळे न्यायमूर्ती. 1974 मध्ये मिलिकन विरुद्ध ब्रॅडली या डेट्रॉइटच्या खटल्यात प्रश्न आला की शहर आणि भोवतीची उपनगरं मिळून एकत्र शाळा करता येतील का. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नाही म्हटलं: उपनगरांच्या डिस्ट्रिक्टांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध होत नसेल तर त्यांची हद्द ओलांडता येणार नाही. मार्शल विरोधात होते. आपली मुलं एकत्र शिकली नाहीत तर आपली माणसं एकत्र राहायला शिकतील ही आशा फार थोडी, असं त्यांनी त्या निकालात लिहून ठेवलंय. त्या निकालानंतर ज्याला शहरातली शाळा नको तो हद्दीबाहेर घर घेऊ लागला, आणि हद्द कायमची पक्की झाली. मेरीलँडसारख्या मोठ्या काउंट्यांच्या राज्यात निदान रेघ सरकवायची मुभा तरी उरली आहे. न्यू जर्सीतल्या गावांना तीही नाही.

21 नोव्हेंबर 2019 ला आमच्या बोर्डाने मतदान केलं. मूळ बेताला बरीच कात्री लागून सुमारे 5,400 मुलांच्या शाळा बदलल्या. समोरचा पॉलिगॉन यादीत राहिला. बारावीत जाणाऱ्यांना जुनीच शाळा पुरी करायची सवलत होती, पण नववीत जाणाऱ्या या दोघींना तिचा काही उपयोग नव्हता. मग मार्च 2020 आला, शाळा बंद झाल्या, आणि सप्टेंबरमध्ये ज्या नव्या शाळेसाठी एवढा संग्राम झाला ती समोरच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपमध्ये उघडली. आमच्या घरात दुसरी शाळा उघडली. दोघी आपापल्या खिडकीशी बसायच्या. जेवणाच्या सुट्टीत माझी मुलगी बाहेर यायची, ती त्यांच्या पायऱ्यांवर बसायची, मधे रस्ता. आजाराच्या भीतीने दोघी ओरडून बोलायच्या.

पुढे काय झालं ते लोक मला अजून विचारतात, आणि प्रत्येकाला आपल्या बाजूचं उत्तर हवं असतं. खरं उत्तर सरमिसळ आहे. त्या मुलीला नव्या शाळेत एक फार चांगले ऑर्केस्ट्राचे सर मिळाले आणि तिथली पहिली रांग मिळाली, जी जुन्या शाळेत मिळाली नसती. गणिताचा वरचा एक वर्ग तिथे पुरेशी मुलं नसल्याने भरला नाही, तो तिने दुसरीकडून केला. बस लांब पडायची. दोघींची मैत्री तुटली नाही, पण विरळ झाली, आणि ते मी रोज खिडकीतून पाहिलं आहे, त्यामुळे ‘मुलं काय, रुळतात’ असं मी कुणाला म्हणत नाही. घराच्या किमतीचं म्हणाल तर पुढच्या दोन वर्षांत देशभर सगळ्याच घरांच्या किमती चढल्या. रेघेच्या दोन्ही बाजूंना.

आणि ज्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही ती मुलं उरतातच. मोठं अपार्टमेंट संकुल म्हणजे एकाच पॉलिगॉनमध्ये भरपूर मुलं. शाळांचे आकडे जुळवणाऱ्याला यापेक्षा सोयीचा तुकडा सापडत नाही. तो उचलून इकडून तिकडे ठेवला की हिशेब बसतो. बंगल्यांचा पॉलिगॉन हलला की टीव्हीवाले येतात. आमच्या जुन्या इमारतीतली एक नेपाळी आई मला म्हणाली होती, “दीदी, मोठ्याची शाळा वेगळी, मधल्याची वेगळी. धाकटीची कुठली येते बघू.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडावा तशी शाळा बदलते, असं तिने धरून चाललं होतं. सुनावणीच्या वेळी तिची हॉटेलमधली पाळी असायची.

या रेघा आपल्याकडे नाहीत असं मी पूर्वी समजत असे. गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या मावसबहिणीकडून आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांच्या, अर्जांची वर्णनं ऐकते. तिच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या नातीचा अर्ज तिनेच भरला. ऑनलाइन नकाशावर आपल्या घराच्या जागी एक बलून ठेवायचा, मग त्यावरून एक किलोमीटरच्या आतल्या शाळा, तीन किलोमीटरच्या आतल्या शाळा अशी यादी निघते. बलून थोडा हुकला की हवी ती शाळा यादीतून जाते, आणि तो हवा तितक्या वेळा सरकवताही येत नाही. चाळीत राहणाऱ्या त्या ताई मोबाइलच्या पडद्यावर श्वास रोखून बोट ठेवत होत्या म्हणे. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियमच बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेने 25 टक्के जागा द्यायची गरज नाही. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पण तोवर जून उलटून गेला होता, आणि पहिलीतली पोरं कुठल्या शाळेत बसायचं त्याची वाट पाहत होती.

आईने शिक्षिकेचं ट्रेनिंग गारगोटीला घेतलं. तिथलं मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे. पुढे कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले, आणि 1966 च्या त्या आयोगाच्या अहवालात शेजारशाळेची शिफारस आहे: एका परिसरातली सगळी मुलं, जात-पैसा न पाहता, एकाच शाळेत. आईला त्यातलं बरंच तोंडपाठ आहे. कोलंबियाच्या नकाशावरून बोट फिरवत तिने मला विचारलं होतं, ही लोकं शेजारशाळा तर पाळतातच की, मग अडतं कुठं? अडतं ते शेजारातच. परिसर आधीच पैशाने निवडून घेतलेला असेल, तर शेजारशाळा ती निवड जशीच्या तशी वर्गात आणून बसवते. म्हणून रेघ सरकवावीच लागते, अधूनमधून, आणि ती सरकवणाऱ्यांच्या पाठीशी मी आहे. माझ्या दारातून गेली तरी.

नवी शाळा बांधली की रेघा पुन्हा काढाव्याच लागतात. जेसपमध्ये 2023 साली नवं हायस्कूल सुरू झालं तेव्हा तसंच झालं. पुढची फेरी आली की मी नाव नोंदवणार आहे, आणि माझी तीन मिनिटं मला कशावर खर्चायची ते आता ठरलंय. एक तरी सुनावणी अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये, रविवारी दुपारी घ्या, आणि तिथे स्पॅनिश, नेपाळी बोलणारं माणूस बसवा. शाळा लांबची दिलीत तर ऑर्केस्ट्रा आणि खेळ संपल्यावर घरी सोडणारी उशिराची बसही द्या, कारण ज्या घरात दुसरी गाडी नाही तिथलं मूल बसच्या वेळेलाच शाळेतून बाहेर पडतं. गणिताचा वरचा वर्ग पाच मुलांसाठीही भरवा. आणि नकाशावर प्रत्येक पॉलिगॉनवर क्लिक केलं की त्याची शाळा दिसते, तशीच तो आजवर किती वेळा हलवला गेला तेही दिसू द्या, वर्षासकट. पश्चिमेच्या बंगल्यांचा आकडा आणि रूट वनजवळच्या इमारतींचा आकडा शेजारी शेजारी छापून येऊ देत. मग त्या खोलीत बसून ठरवू, आता हलायची पाळी कुणाची.